रुसलेलं प्रवाळ : काचेच्या पेटीतल्या समुद्राची दुखणी

आजचं व्याख्यान एका पत्रावरून सुचलेलं आहे, तेव्हा सुरुवात त्या पत्रानेच करू.

आपले एक श्रोते अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतात. घरात ४०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात मासे थोडे आणि प्रवाळ जास्त. त्यांनी लिहिलं, ‘‘दोन महिन्यांपासून प्रवाळ रुसलेत. एकाची टोकं हातोडीसारखी आहेत. ते पूर्वी दिवसभर फुललेलं असायचं, आता अर्धंच उघडतं. दुसरं शिंगांसारख्या फांद्यांचं. त्याचा रंग उडत चाललाय आणि बुडाकडून मांस सुटतंय. पाणी तीनदा तपासलं. तापमान २६ अंश, क्षारता ३५, कॅल्शियम ४२०, नायट्रेट २०, फॉस्फेट शून्य. फॉस्फेट शून्यावर आणायला तर चार महिने लागले. सगळं चांगलं आहे. मग आता काय घालू?’’

आम्ही काही मत्स्यालयाचे वैद्य नव्हे, इतिहासाचे विद्यार्थी. पण ‘काय घालू’ हे दोन शब्द वाचून आम्ही थबकलो. पावणेदोनशे वर्षं काचेच्या पेटीपुढे बसलेला माणूस हेच विचारत आलाय. उत्तरं मात्र दर पिढीला बदलली, आणि एक उत्तर तर चक्क उलटं झालं. ते कसं, ते आज पाहू आणि शेवटी या टाकीकडे परत येऊ.

आधी एक खुलासा. प्रवाळ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे पोवळं येतं, मंगळासाठी अंगठीत घालतात ते. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. अंधाऱ्या, थंडशा पाण्यात वाढणारं. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ती उष्ण समुद्रातली, खडक बांधणारी प्रवाळं. एकेक प्राणी म्हणजे एक पॉलिप, बहुतेकदा काही मिलिमीटरचा. मधे तोंड, भोवती शुंडकं, खाली स्वतःच बांधलेली चुन्याची वाटी. असे हजारो पॉलिप शेजारी शेजारी. आणि या प्राण्याच्या पेशींच्या आत राहतात सूक्ष्म शैवालं, एकपेशीय. प्रवाळाचा तपकिरी रंग बहुतांशी त्यांचा. म्हणजे घर एकाचं, भाडेकरू दुसरा, आणि स्वयंपाक बराचसा भाडेकरूच्या चुलीवर.

आता अडचण बघा. मासा आजारी पडला तर तो तिरका पोहतो, अंगावर ठिपके येतात, खाणं सोडतो. प्रवाळाकडे सांगायला चारच गोष्टी आहेत. ते मिटतं, तपकिरी पडतं, पांढरं पडतं किंवा मांस सोडतं. कारणं मात्र पन्नास. उष्णता वाढली, प्रकाश कमी झाला, प्रकाश एकदम वाढला, प्रवाह थेट अंगावर आला, शेजारच्या प्रवाळाने रात्री डंख मारला, माशांच्या औषधातलं तांबं पाण्यात राहिलं. सगळ्यांवर उत्तर तेच, मिटून बसणं. लक्षणं चार आणि कारणं पन्नास असली की माणूस काय करतो? ज्या कारणाला मोजायचं साधन हाताशी असतं त्यालाच पकडतो. हा सगळा इतिहास आम्हाला तरी असाच दिसतो.

पहिली टाकी लंडनची. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाई इंग्लंडच्या दक्षिणेला टॉर्की इथे गेल्या होत्या. यजमान वेस्टमिन्स्टर ॲबेचे धर्माधिकारी. बाईंना छंद दगडांचा, मग समुद्रातल्या ‘दगडी’ जीवांचा. तिथली लहान वाटीसारखी प्रवाळं त्यांना जिवंत लंडनला न्यायची होती. त्यांनी सुई-दोरा घेतला, प्रवाळं एका मोठ्या स्पंजला टाकली आणि काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी भरून ती घरी आणली. आता लंडनमध्ये समुद्राचं ताजं पाणी रोज कुठून आणणार? पाणी संपत आलं तेव्हा बाईंनी ते खिडकीपाशी, मोकळ्या हवेत एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायला सुरुवात केली. बाईंनी म्हणजे बाईंच्या मोलकरणीने. अर्धा-पाऊण तास उंचावरून पाणी ओतत राहायचं. आज टाकीत बुडबुडे सोडणारा पंप हेच काम करतो. त्या मुलीचं नाव कुठे नोंदलेलं नाही. पुढच्या वर्षी बाईंनी समुद्री वनस्पती मागवून पाण्यात ठेवल्या, आणि ती प्रवाळं टिकली, वाढली, त्यांना पिल्लंही झाली. बाईंनी त्यावर लिहिलेला लेख १८५९ साली छापून आला.

बाईंचं निदान होतं, पाणी ‘शिळं’ होतं, त्याला हवा हवी. निदान बरोबर होतं. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने त्याला शास्त्राची बैठक दिली. गोड्या पाण्यात सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि सडलेली पानं खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलता चालतं हे त्याने दाखवलं. प्राणी श्वास सोडतो, वनस्पती तो घेते, झाला तोल. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडात या पेट्यांचं वेड पसरलं. ते ओसरलंही लवकर. पण ‘तोल’ हा शब्द मागे राहिला, आणि आमच्या मते त्याने पुढची शंभर वर्षं थोडी दिशाभूलही केली. कारण ॲना थिनची प्रवाळं थंड पाण्यातली होती. त्यांच्या अंगात शैवाल नव्हतं, त्यांना उजेडाची गरज नव्हती. हवा आणि खाणं मिळालं की ती खूश. उष्ण समुद्रातल्या प्रवाळाला हाच उपचार केला तर ते काही आठवड्यांत मरतं. का, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या ‘का’साठी आपल्याला ऑस्ट्रेलियाला जावं लागेल. १९२८च्या जुलैपासून वर्षभर सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ग्रेट बॅरियर रीफवरच्या लो आयल्स या छोट्या बेटांवर राहिली. यंग आणि त्यांचे सहकारी निकल्स यांनी प्रवाळांना उपाशी ठेवलं, प्रकाश न शिरणाऱ्या पेट्यांत कोंडलं, पाणी तापवलं. प्रत्येक वेळी पाहिलं की संकटात सापडलेलं प्रवाळ आपल्यातली शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९२९च्या उन्हाळ्यात तर उघड्या समुद्रातच, कडक उन्हाच्या ओहोटीत, बेटावरची प्रवाळं अशी पांढरी झालेली त्यांनी नोंदवली. आज वर्तमानपत्रात ‘ब्लीचिंग’ म्हणून वाचतो ते हेच.

निरीक्षणं अव्वल. निष्कर्ष मात्र चुकला. अंधारात शैवालं गमावलेली प्रवाळंही खायला घातल्यावर जगतात, आणि प्रवाळ शैवालाला पचवताना दिसत नाही. म्हणून यंग म्हणाले, शैवाल हे प्रवाळाचं अन्न नव्हे, फार तर त्याचा कचरा उचलणारा नोकर आहे. पचवत नाही हे खरंच होतं हो! पण आंबा खायला झाड पचवावं लागत नाही. शैवाल प्रकाशात तयार केलेली साखरेसारखी द्रव्यं थेट यजमानाच्या पेशीत सोडतं. हे सिद्ध व्हायला किरणोत्सारी कार्बन हाती यावा लागला. १९५८ साली मस्कटाइन आणि हँड यांनी कॅलिफोर्नियात समुद्रपुष्पावर, म्हणजे प्रवाळाच्या चुलत भावंडावर, ते दाखवलं. पुढच्याच वर्षी जमैकात टॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवलं की उजेडात प्रवाळ सांगाडा कितीतरी वेगाने बांधतं. मधल्या काळात, १९४४ साली, पलाऊ बेटावर काम केलेल्या जपानच्या सिरो कावागुती यांनी हे शैवाल कोणत्या कुळातलं तेही ओळखलं होतं. महायुद्धामुळे ते पाश्चात्त्यांपर्यंत नीट पोचायला वेळ लागला.

तुम्ही म्हणाल, याचा दिवाणखान्यातल्या टाकीशी काय संबंध? संबंध असा की यंगसाहेबांचं मत खरं मानलं तर टाकीवर एखादी मिणमिणती नळी पुरेशी आहे, खाऊ घातलं की झालं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तेच केलं, आणि प्रवाळं अंधारात कुपोषणाने गेली. शेजारी बसलेला मालक त्यांना कोळंबीचा कीस घालत होता.

या काळात दोन माणसांना यश आलं, दोघंही समुद्राकाठची. न्यू कॅलेडोनियात नुमेआ इथे रेने काताला यांनी १९५६ साली मत्स्यालय उघडलं. शेजारच्या समुद्राचं पाणी टाक्यांतून सतत वाहतं ठेवलं आणि जिवंत प्रवाळं लोकांना दाखवली. जकार्तामध्ये ली चिन एंग हे गृहस्थ टाकीत समुद्रातले जिवंत खडक ठेवत, सूर्याचा उजेड येऊ देत आणि हवेचे बुडबुडे सोडत. गाळणीबिळणी काही नाही. १९६१ साली त्यांची ही ‘निसर्गाची पद्धत’ अमेरिकन मासिकात छापून आली. लोकांनी हौसेने करून पाहिली आणि टाक्या नासल्या. एंग यांच्याकडे दाराशी समुद्र होता आणि डोक्यावर विषुववृत्ताचं ऊन. खडक सकाळी काढला की दुपारी टाकीत. थंड देशात तोच खडक कित्येक दिवसांच्या प्रवासानंतर, त्यावरचे निम्मे जीव मेलेल्या अवस्थेत पोचे. पद्धत चूक नव्हती. तिच्यातलं न लिहिलेलं अर्धं, म्हणजे जकार्ता, कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता जर्मनीकडे वळू. हा भाग आम्हाला सगळ्यात आवडतो, कारण त्यात आपल्या घरातली एक वस्तू आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्या हौशी लोकांनी १९७०च्या दशकात पाहिलं की काही प्रवाळं जगतात पण वाढत नाहीत, आणि हळूहळू मिटत जातात. पेटर विल्केन्स यांनी बोट ठेवलं ते चुन्यावर. प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून सांगाडा बांधतं. समुद्रात साठा अमर्याद. टाकीत तो आठवड्यांत ओसरतो. मग घाला काय? चुन्याची निवळी! शाळेत नळीने फुंकर मारून दुधाळ करायचो तीच. एका लिटर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, वरचं निवळ पाणी घ्यायचं. टाकीतून रोज जेवढं पाणी उडून जातं तेवढी निवळी रात्रभर थेंबथेंब सोडायची. थेंबथेंब का? निवळीचा पीएच १२च्या वर असतो. एकदम ओतली तर पाणी दुधाळ होतं आणि प्रवाळ भाजतं. पानाला चुना जास्त लागला की जिभेचं काय होतं ते पान खाणाऱ्यांना सांगायला नको. हळू सोडली तर निवळी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड धरते आणि प्रवाळाला हवी ती दोन्ही द्रव्यं एकाच वेळी, योग्य प्रमाणात मिळतात.

बर्लिनमध्ये या निवळीला आणखी तीन गोष्टी जोडल्या गेल्या. जिवंत खडक, समुद्रात खोल कामासाठी वापरतात तसे नव्हे पण मैदानावर लावतात तसले प्रखर दिवे, आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं यंत्र, ज्याला स्किमर म्हणतात. डीट्रिश श्ट्युबर यांच्या टाकीतलं शिंगांच्या फांद्यांचं प्रवाळ इतकं वाढलं की त्याच्या फांद्या तोडून ते इतरांना देत. गुलाबाची किंवा जास्वंदाची फांदी शेजारणीला देतात तसं. त्या फांद्यांच्या फांद्या युरोप-अमेरिकेत पोचल्या. ही मोठी घटना होती. टाकी आता समुद्रातून प्रवाळ आणून मारणारी जागा राहिली नाही, निदान राहिलीच पाहिजे असं उरलं नाही.

अमेरिकेत त्याच सुमारास वेगळीच वाट चालू होती. १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने डच पद्धतीची ठिबकती गाळणी लोकप्रिय केली. पाणी प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून ठिबकायचं, गोळ्यांवरचे जिवाणू माशांनी सोडलेला अमोनिया नायट्रेटमध्ये बदलायचे. माशांना फार उत्तम. पण नायट्रेट जाणार कुठे? ते साचत जाई आणि प्रवाळांतल्या शैवालाला खत मिळे. शैवाल इतकं माजे की सुंदर निळं-गुलाबी प्रवाळ महिन्याभरात चहाच्या गाळासारखं तपकिरी दिसे. १९९४ साली डेलबीक आणि स्प्रंग यांचा ‘द रीफ ॲक्वेरियम’ हा ग्रंथ आला. तोवर इंग्रजी जगातही वारं बर्लिनच्या दिशेने वाहू लागलं होतं.

इथून आपल्या पत्रातल्या फॉस्फेटची गोष्ट सुरू होते. १९६४ साली सिमकिस या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की फॉस्फेट चुन्याच्या स्फटिकांची वाढ रोखतं. १९७९ साली किन्सी आणि डेव्हिस यांनी ग्रेट बॅरियर रीफवरच्या वन ट्री बेटाच्या प्रवाळखडकावर काही महिने नायट्रोजन आणि फॉस्फेटचं खत सोडून पाहिलं. सांगाडा बांधण्याचा वेग निम्म्याहून कमी झाला. हौशी मंडळींनी अर्थ काढला, फॉस्फेट म्हणजे विष. बाजारात मोजायची किट आली, फॉस्फेट शोषणारी लोखंडाच्या गंजासारखी भुकटी आली आणि ‘शून्य’ हा आकडा प्रतिष्ठेचा झाला. मोजता येत होतं, काढता येत होतं, मग काढलं. माणसाचा स्वभाव.

आणि टाक्या फिकट पडू लागल्या. अनुभवी लोक आपापसांत म्हणत, ‘पाणी फार स्वच्छ झालंय’. पण हे ऐकायला इतकं उलटं वाटे की कुणी गांभीर्याने घेत नसे. २०१३ साली साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडनमान आणि सहकाऱ्यांनी, तेही टाक्यांतच वाढवलेल्या प्रवाळांवर, प्रयोग करून दाखवलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट नगण्य अशी जोडी झाली की प्रवाळ उष्णता आणि प्रकाशाला लवकर बळी पडतं, पांढरं पडतं. नायट्रेटमुळे शैवाल वाढायला बघतं, पण पेशींची आवरणं बांधायला फॉस्फरस लागतो, तो मिळत नाही. मग आवरणं कमअस्सल मालाची होतात. कडक उजेडात ती टिकत नाहीत.

इथे श्रोत्यांपैकी कुणी तरी विचारेलच, की समुद्रातल्या प्रवाळखडकावर तरी फॉस्फेट कुठे असतं? मोजलं तर तिथेही जवळजवळ नाहीच! प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर महत्त्वाचं. समुद्रात प्रमाण कमी असतं, पण पाणी अखंड येत राहतं, त्यात तरंगते जीव असतात, मासे वरून विष्ठा टाकत असतात. थोडं थोडं, पण न थांबता. एखाद्या घरात डब्यात पैसे नसतील, पण रोजची मजुरी येत असेल तर चूल पेटते. टाकीतलं शून्य म्हणजे डबाही रिकामा आणि मजुरीही बंद. किटवर दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो.

आपल्याला यासाठी फार लांब जायची गरज नाही. मुंबईच्या वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळं आहेत, हे कित्येक मुंबईकरांना किनारी रस्त्याच्या कामामुळे कळलं. २०२० साली त्यातल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे बसवण्यात आल्या. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ त्या कामात होते. ज्या पाण्यात हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत, त्या पाण्यातली ही प्रवाळं. याचा अर्थ गढूळ पाणी चांगलं असा कृपया घेऊ नका. एवढंच लक्षात घ्या की कुठलं प्रवाळ कशाची सवय घेऊन आलंय ते महत्त्वाचं. आणि जाता जाता, आपल्याकडे खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मालवणला पाण्यात उतरलात तर एक तुकडाही खिशात घालू नका.

आता पांढऱ्या रंगाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण निदानातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पांढरं दोन प्रकारचं. पहिल्यात शैवालं गेलीत पण प्राणी जिवंत आहे. मांस पारदर्शक झालंय म्हणून आतला सांगाडा दिसतो. रात्री दिवा मंद करून नीट पाहिलं तर काचेसारखी शुंडकं हलताना दिसतात. हे प्रवाळ उपाशी आहे, मेलेलं नाही. उष्णता उतरली, उजेड थोडा कमी केला, खायला मिळालं तर काही आठवड्यांत-महिन्यांत शैवालं परत वस्तीला येतात. दुसऱ्या पांढऱ्यात मांसच गेलंय. वाट्यांच्या कडा धारदार, कोऱ्या दिसतात आणि थोड्याच दिवसांत त्यावर हिरवट लव चढते. हे मरण. पहिलं पांढरं दिसल्यावर घाबरून प्रवाळ फेकून देणारे लोक आहेत, आणि दुसऱ्यावर महिनाभर औषधं घालणारेही. फांद्यांची अगदी टोकं पांढरी असतील तर बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. ती नवी वाढ असते, भाडेकरू अजून तिथवर पोचलेले नसतात.

समुद्रातही हाच फरक कळीचा आहे. १९९८ साली पाणी तापलं तेव्हा लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातातली प्रवाळं पांढरी पडली. पाहणी करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच असतो, यातलं किती उपाशी आणि किती मेलेलं? प्रवाळ नेहमीच आपल्या मरणाच्या तापमानाच्या अगदी कडेला राहतं, हे आल्फ्रेड मेयर यांनी १९१४ सालीच प्रयोगांतून दाखवलं होतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर एखाद-दुसरा अंश काही आठवडे टिकला तरी पुरतं. टाकीत हीटर अडकला तर तेच होतं, फक्त एका रात्रीत.

लंडनमध्ये सुरू झालेली गोष्ट लंडनमध्येच एका टप्प्यावर येते. शहराच्या दक्षिणेला हॉर्निमन संग्रहालय आहे, एका चहाच्या व्यापाऱ्याने उभारलेलं. तिथे जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग सुरू केला. टाकीतल्या प्रवाळांना वर्षभराचे ऋतू द्यायचे. पाण्याचं तापमान महिन्यागणिक बदलायचं, दिवसाची लांबी बदलायची, आणि कृत्रिम चंद्र तिथीप्रमाणे वाढवायचा-घटवायचा. खडक बांधणारी प्रवाळं वर्षातल्या ठरावीक रात्रींनाच, चांदण्याच्या हिशेबाने, अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. तोवर बंद टाकीत हे कुणाला ठरवून घडवता आलं नव्हतं. हॉर्निमनमध्ये ते झालं, आणि २०१७ साली त्यांनी चार जातींची कृती सविस्तर प्रसिद्ध केली. गंमत बघा, या प्रयोगात पाण्यात नवं असं फारसं काही घातलेलं नव्हतं. वर्ष घातलं होतं.

आता टेक्सासकडे. आम्ही त्या श्रोत्यांना उलट पत्र लिहिलं आणि विचारलं, गेल्या चार-पाच महिन्यांत टाकीत काय काय बदललं, तारखेवार सांगा. त्यांच्याकडे वही होती, हे त्यांचं नशीब. नोव्हेंबरात फॉस्फेट शोषणारी भुकटी सुरू केली. डिसेंबरात स्किमर मोठा घेतला. शेवाळ दिसू नये म्हणून माशांचं खाणं दिवसाआड केलं. फेब्रुवारीत नवे दिवे लावले, तेही पहिल्या दिवसापासून पूर्ण तेजावर. मार्चमध्ये प्रवाळ रुसलं. एकेक गोष्ट पुस्तकाबरहुकूम, सगळ्या मिळून उपासमार आणि वर कडक ऊन.

आम्ही काहीच घालायला सांगितलं नाही. भुकटी काढा, तीही एकदम नव्हे, थोडी थोडी. माशांना रोज खायला घाला. दिवे निम्म्यावर आणा आणि दोन महिन्यांत हळूहळू वर न्या. एका वेळी एकच बदल, आणि दोन बदलांमध्ये किमान दहा दिवस. या काळात कॅल्शियम किंवा निवळीच्या मात्रेला हात लावू नका. आणि आम्ही वैद्य नाही हे पुन्हा लिहिलं. जवळच्या जाणत्या माणसाला टाकी प्रत्यक्ष दाखवा, असंही.

परवा त्यांचं उत्तर आलं. फॉस्फेट आता किटवर अगदी पुसट निळं दिसतं, पूर्वी ते पाहून त्यांना झोप लागली नसती. हातोडीवालं दुपारपर्यंत पूर्ण उघडतं. काचेवर शेवाळ येतं, ते दर रविवारी खरवडतात. शिंगंवाल्याच्या मागच्या तीन फांद्या गेल्या, त्यांच्यावर हिरवी लव चढली आहे. पुढच्या दोन फांद्यांचं मांस सुटायचं थांबलंय. एका टोकाला नखाएवढा पांढरा भाग आहे, तो नवी वाढ आहे की नवं दुखणं, असं त्यांनी विचारलंय. फोटो जोडलाय, पण दिव्याच्या निळ्या उजेडात काढलेला, त्यात काही कळत नाही. पांढऱ्या उजेडात पुन्हा काढून पाठवा, असं कळवलंय.

आता तुमचे प्रश्न घेऊ.